२५ हजारात इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प, खेड्यात लाईनचा भरोसा नाही, काय घेऊ?

धानबांधी (ब्रम्हपुरी तालुका)

नमस्कार जी सगळ्यांना. मी ब्रम्हपुरीकडच्या एका खेड्यातला, घरी धानाची शेती आहे. साधी अकॉस्टिक गिटार बऱ्याच वर्षांपासून वाजवतो, भजन मंडळात खंजिरीसोबत, १४ एप्रिलले जयंतीच्या कार्यक्रमात भीमगीतांसोबत, असं चालू असते. आता झालं असं का मोठ्या भावाच्या ओळखीनं एका नाटकाच्या संगीतवाल्यांनी म्हटलं, मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या) सीझनले येत असशील तं ये पण इलेक्ट्रिक पाह्यजे, अकॉस्टिकले माईक लावला का ऑक्टोपॅड न कीबोर्डमध्ये ते काही ऐकूच येत नाही न वरून शिट्टी मारते. मले हे मनापासून करायचं आहे, म्हणून नीट विचारून घेऊन रायलो.

बजेट सगळं मिळून २५ हजार, त्याच्यावर नाही जाऊ शकत. धान विकल्यावर पैसे येतील तेव्हाच घेणार. माझे प्रश्न असे आहेत. एक तं गिटार कोणती, स्क्वायर, यामाहा, कॉर्ट, आयबानेझ अशी नावं ऐकली आहेत पण हातात एकही धरून पाह्यली नाही. दुसरं, अ‍ॅम्प किती वॅटचा घ्यावा, दुकानवाला फोनवर म्हणे ३० वॅटच्या खाली घेऊच नका. तिसरं, मंडळाकडे अहुजाची मशीन न भोंगा आहे, त्यालेच गिटार लावली तं अ‍ॅम्पचे पैसे वाचतील का? आणि चौथं म्हणजे आमच्याकडं लाईन कधी राहते कधी जाते, राहिली तरी संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या का पंखा हळू फिरते, अशा व्होल्टेजवर अ‍ॅम्प टिकन का? सांगा जी.

सहा_तारा (नागपूर)

भाऊ, आधी अभिनंदन, नाटकात बसायला बोलावलं म्हणजे तुझ्या हातात लय पक्की असणार.

मी गिटारचं सेटअप आणि दुरुस्ती करतो म्हणून गिटारीचंच बोलतो, अ‍ॅम्पचं बाकीचे सांगतील. तू जी चार नावं घेतली त्यातली कोणतीही वाईट नाही. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड आहे, आधी त्यांची बुलेट नावाची सिरीज मिळायची, २०२३ पासून तिच्या जागी सॉनिक आली. यामाहाची पॅसिफिका ०१२, कॉर्टच्या खालच्या मॉडेल, आयबानेझची गिओ सिरीज, ह्या सगळ्या पहिल्या इलेक्ट्रिकसाठीच बनवलेल्या आहेत. माझं मत विचारशील तर पॅसिफिका ०१२ किंवा गिओमधली जीआरएक्स४०, कारण दोन्हींमध्ये पुढं दोन सिंगल कॉइल आणि मागं ब्रिजकडं, म्हणजे बॉडीवर तारा बसतात तिकडं, एक हमबकर आहे, आणि तुझ्या कामाला हमबकर लागणारच. सिंगल कॉइल म्हणजे एका चुंबकावर तांब्याच्या बारीक तारेची एकच गुंडाळी, ती तारांचा आवाज पकडते तसाच आजूबाजूच्या लाईनचा ५० हर्ट्झचा गुंगाट पण पकडते. हमबकरमध्ये दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडलेल्या असतात, त्यामुळं तो गुंगाट एकमेकांना कापून टाकतो आणि तारांचा आवाज मात्र जमा होतो. मंडपात डोक्यावर हॅलोजन, बाजूला जनरेटर, डिमर, अशा ठिकाणी सिंगल कॉइलवर बसलास तर शांत प्रवेशात गिटार गूं करत राहते.

पण ब्रँडपेक्षा मोठी गोष्ट सांगतो, सेटअप. कारखान्यातून आलेल्या स्वस्त गिटारी बहुतेक वेळा तारा उंच ठेवूनच येतात. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) जाड तारेखाली साधारण २ मिमी आणि बारीक तारेखाली दीड मिमीच्या आसपास जागा असली की हात चालतो. हे करायला ट्रस रॉड (मानेच्या आतली, मानेचा वाक सांभाळणारी सळई), ब्रिजचे स्क्रू, नटच्या (मानेच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा, सगळं पाहावं लागते. सेटअप केलेली १५ हजारांची गिटार सेटअप न केलेल्या ३० हजारांच्या गिटारीपेक्षा जास्त वाजते, हे मी रोज पाहतो. म्हणून बजेटात सेटअप आणि नवीन तारांचे पैसे आधीच बाजूला काढून ठेव आणि शक्य असेल तर ऑनलाइन न मागवता नागपूरला येऊन हातात धरून घे. मान डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी नेम धरून पाहा, पिळलेली असेल तर लगेच दिसते. पिळलेली मान ट्रस रॉडनं सुधरत नाही, ती गिटार सोडून द्यायची.

दारव्हा_मास्तरीण

दादांनी गिटारीचं बरोबर सांगितलं, पण सिंगल कॉइलला एवढं बदनाम करू नका हो, स्वच्छ आवाजात, हळव्या गाण्यात तिच्यासारखा गोडवा हमबकरला नाही. त्या एचएसएस गिटारीत (एक हमबकर, दोन सिंगल कॉइल) दोन्ही मिळते म्हणून ती घ्यावी हे मला पटलं, फक्त कारण थोडं वेगळं.

मी शाळेत शिकवते, पॅसिफिका वाजवते, आणि आमच्याकडेही लाईनचं तुमच्यासारखंच आहे, म्हणून अ‍ॅम्पचं मी सांगते. दुकानदाराचं ३० वॅटचं ऐकू नका. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो, कानाला थोडासाच जास्त वाटतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणजे १० वॅट आणि २० वॅट यात तुम्हाला वाटते तेवढा फरक नाहीच, आणि घराच्या खोलीत १० वॅटचा अ‍ॅम्प अर्ध्यावर जरी नेला तरी शेजारची माणसं विचारायला येतील. ३० वॅटवाल्यात पैसे जातात, वजन वाढते, आणि लाईन गेली की तो नुसता डब्बा.

त्यापेक्षा बॅटरीवर चालणारा घ्या. बॉस कटाना मिनी ७ वॅटचा आहे, सहा पेन्सिल सेलवर चालतो, त्यात क्लीन, क्रंच आणि ब्राऊन असे तीन आवाज आहेत. ब्लॅकस्टार फ्लाय ३ त्याहून लहान, ३ वॅटचा, तोही सहा सेलवर. रिचार्ज होणारे सेल आणि चार्जर एकदा घेऊन टाकले की खर्च संपला, लाईन असेल तेव्हा चार्ज करायचे, नसेल तेव्हा वाजवायचं. अजून स्वस्तात पाहिजे तर व्हॉक्सचा अँपप्लग येतो, थेट गिटारीच्या जॅकमध्येच खोचायचा आणि त्याला हेडफोन. घरात सगळे झोपल्यावर रियाज करायचा असेल तर तो फार कामाचा, मी तर उन्हाळ्यात रात्री गच्चीवर बसून तसंच वाजवते.

आणि उन्हाळ्याचं एक नक्की लक्षात ठेवा. आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर जाते, हवा एकदम कोरडी, लाकूड आक्रसते आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बाहेर येऊन हाताला टोचायला लागतात. मग त्यावर उपाय म्हणून लोक गिटार कूलरसमोर ठेवतात, ते तर अजिबात करू नका, ओल्या हवेनं तारा गंजतात आणि दिवसा कोरडं रात्री ओलं असं होत राहिलं की मान हलते. बॅगेत घालून आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर, पत्र्याखाली तर नाहीच नाही. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं तारा पुसायच्या, एवढं केलं तरी खूप आहे.

मंडप_साऊंड_आर्वी

अहुजाचं मी सांगतो कारण आमचा धंदाच तो हाय.

लावता येते. आवाज येईन. पण गिटारीसारखा येणार नाई. दोन कारणं हायेत. पयलं, गिटारीच्या पिकअपमधून (तेच सिंगल कॉइल न हमबकर) निघणारा सिग्नल एकदम नाजूक असते, त्याले पुढं मोठा इम्पिडन्स (सिग्नलले होणारा विरोध) लागते, १ मेगाओमच्या घरातला, तसा इनपुट गिटार अ‍ॅम्पले असते. माईकच्या इनपुटले तेवढा नसते, मंग वरचे सूर दबते, आवाज चादर पांघरल्यावानी येते. दुसरं, भोंगा बोलण्यासाठी बनवला हाय, मधले सूर फेकते, खालचे नाईत. न डिस्टॉर्शन लावलं तं अजून वाईट, कारण गिटारचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक गाळून टाकते, पीएच्या (मंडपाच्या साऊंडच्या) ट्विटरमध्ये, म्हणजे बारीक सुरांच्या स्पीकरमध्ये, मात्र सगळं येते, मंग गिटार माशीसारखी भणभण करते. म्हणून प्रोसेसर घ्या, मल्टी इफेक्ट म्हणतात तो. त्याच्यात गिटारचा इम्पिडन्सवाला इनपुट असते न कॅबिनेट सिम्युलेशन असते, म्हणजे गिटारच्या स्पीकरचं गाळणं तोच करून देते न मंग तुमी बिनधास्त मिक्सरमध्ये टाका. झूम जी१ फोर हा चार पेन्सिल सेलवर चालते, हेडफोन बी लागते, तालाचे पॅटर्न बी हायेत रियाजाले. स्टेजवर तुमाले अ‍ॅम्प लागतच नाई, साऊंडवाला तुमचा आवाज मोठ्या बॉक्समध्ये देईन न मॉनिटरमध्ये बी देईन.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे कोणी सांगत नाई म्हणून मी लांब लिहून रायलो, पुरं वाचा. गिटारच्या तारा ब्रिजमधून अर्थले जोडलेल्या राहतात. तारांले हात लावला का गूं कमी होते ते त्याच्यामुळंच, ते चांगलं लक्षण हाय. पण याचा दुसरा अर्थ असा का तुमचा हात अ‍ॅम्पच्या बॉडीले जोडलेला हाय. गावात काय करते, थ्री पिनची वरची जाड पिन तोडते न टू पिनच्या बोर्डात घालते, नाई तं अर्थिंगची वायर न्यूट्रललेच जोडून देते. मशीनमध्ये कुठं लीकेज असलं तं बॉडी जिवंत राहते. मंग गिटार एका लाईनवर, माईकची मशीन दुसऱ्या लाईनवर, तुमी तारांवर हात ठेवून ओठ माईकले लावले का दोन्हीच्या मधात तुमी. लेस हार्वे नावाचा स्कॉटिश गिटारवाला १९७२ मध्ये स्वान्सीच्या स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माईकले हात लावून गेला, २७ वर्षांचा होता. ओल्या मंडपात, दव पडलेल्या रात्री, उघड्या पायानं तं धोका अजून वाढते.

म्हणून वाजवायच्या आधी साधा टेस्टर घेऊन माईकच्या जाळीले न तारांले लावून पाहा, पेटला तं हात लावायचा नाई, आधी वायरमनले बोलवा. सगळी मशीन, मिक्सर, कीबोर्ड, सगळं एकाच बोर्डवरून घ्यायले सांगा, जनरेटरले अर्थिंगचा रॉड ठोकला का ते पाहा न ३० मिलीअ‍ॅम्पचा आरसीसीबी (लीकेज झालं का लाईन तोडणारा स्विच) लावायले लावा. न प्रोसेसर सेलवर हाय म्हणून निर्धास्त राहू नका, केबलच्या जाळीतून मिक्सरची अर्थ तुमच्या तारांपर्यंत येतेच. मधात ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरजोगता करून देणारी डब्बी) टाका न त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटन दाबा, तवा कुठं तुमी वेगळे होता. डीआयनं गूं बी जाते न लांब केबलमधून आवाज बी मरत नाई. गिटारची साधी केबल ६ मीटरच्या वर नेऊ नका, पुढचं अंतर डीआयच्या नंतर माईकच्या केबलनं करा.

व्होल्टेजचं, लहान अ‍ॅम्प कमी व्होल्टेजवर बंद पडन फार तं फार, पण लाईन परत येतानी जो झटका येते त्यानं जळते. लाईन गेली का प्लग काढून ठेवायचा न आली का दहा मिनिटं थांबायचं. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालवलं तं भणभण येणार, ते गिटारचा दोष नाई.

धानबांधी (ब्रम्हपुरी तालुका)

बाप्पा, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. अर्थिंगचं वाचून मंडळाच्या बोर्डाची वरची पिन पाह्यली, तुटलेलीच आहे. उद्याच वायरमनले बोलवतो.

एक अजून विचारतो. तालुक्याच्या ठिकाणी एक जण जुनी गिटार विकून रायला, फ्लॉईड रोज ब्रिजवाली, दिसायले एकदम जबरदस्त, सोबत ३० वॅटचा अ‍ॅम्प, दोन्ही मिळून १८ हजार म्हणते. पैसे वाचतात म्हणून मन जाऊन रायलं. घेऊ का?

वडसा_पिट (देसाईगंज)

मी झाडीपट्टीच्या (आपल्या धानाच्या पट्ट्यातल्या) नाटकात वाजवतो त्यामुळं तुले नेमकं काय लागन ते मी सांगतो, आतापर्यंतच्या सगळ्यांचं बरोबर आहे पण नाटकाचा हिशोब थोडा वेगळा आहे.

फ्लॉईड रोज घेऊ नको. कारण ऐक. आपल्या नाटकात पायाले ऑर्गन, तबला. ऑर्गनची सुरावट फिक्स, तो काही तुझ्यासाठी बदलणार नाही न जुना पेटीऑर्गन असला तं तो ४४० हर्ट्झवर (ट्यूनरच्या नेहमीच्या ठरलेल्या सुरावर) असतेच असं नाही, थोडा वर नाही तं थोडा खाली असते. कीबोर्डवाला बटन दाबून जुळवून घेते, तुले तारा पिळून जुळवायच्या आहेत. साध्या ब्रिजवर हे दोन मिनिटांचं काम. फ्लॉईड रोजमध्ये नटपाशी तारा स्क्रूनं कसलेल्या राहतात, पाना घेऊन सोडा, एक तार पिळली का ब्रिज हलते न बाकीच्या पाच उतरते, परत पहिल्यापासून. एखादी तार तुटली तं अख्खी गिटार बेसूर न नांदी सुरू झालेली राहते. साधा ट्रेमोलोवाला (दांडीनं हलणारा ब्रिज) घेतला तरी मागची झाकणी खोलून स्प्रिंगचे स्क्रू आवळून ब्रिज बॉडीले टेकवून घे, म्हणजे तो हलत नाही. क्लिप ट्यूनर असा घे का ज्यात ४४० बदलता येते, ४३० ते ४५० पर्यंतवाले मिळतात. ऑर्गनवाल्याले एक सा धरायले सांगायचं, ट्यूनर त्याच्यावर जुळवायचा न मंग सहाही तारा.

दुसरं, गायकाची पट्टी. एक काळी एकमध्ये गाते, दुसरी बाई काळी चारमध्ये, न नाटक सुरू असतानी कोणी येऊन सांगत नाही, ऑर्गनवाला धरते तिथं तुले जावं लागते. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प. उघड्या तारांचे कॉर्ड तिथं चालतच नाही, बार कॉर्ड (एक बोट तारांवर आडवं दाबून) पाह्यजे न रात्रभर पाह्यजे. म्हणून सेटअपचं नागपूरवाले भाऊ म्हणाले ते तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, तारा उंच राहिल्या तं दुसऱ्या अंकापर्यंत बोटं जवाब देतील. तारा ९-४२ च्या (बारीक जाडीच्या) घे, अकॉस्टिकवरून येऊन रायला तं सुरवातीले जास्त दाब पडून सूर वर जाईन, पण सवय होते.

तिसरं, इफेक्ट. लोकांना वाटते इलेक्ट्रिक म्हणजे डिस्टॉर्शन. आपल्याले दहातून आठ वेळा क्लीन लागते, थोडा कोरस, थोडा रिव्हर्ब. डिस्टॉर्शन खलनायकाच्या एंट्रीले न एखाद्या नाचाच्या गाण्याले. व्हॉल्यूमचं बटन करंगळीनं वर-खाली करायची सवय लाव, संवाद सुरू झाला का दोन सेकंदांत गिटार खाली गेली पाह्यजे, प्रेक्षक पाल टाकलेल्या शेवटच्या टोकापर्यंत बसून असतात न त्याईले शब्द ऐकायचा आहे. नटाच्या वाक्यावर गिटार चढली तं मॅनेजर दुसऱ्या रात्री बोलावत नाही. हे मी फार मनापासून सांगतो, गिटार चांगली वाजवणारे खूप आहेत, नाटकात कधी थांबायचं ते ज्याले कळते तोच टिकते.

तुझ्या २५ हजारांत माझा सल्ला असा, १५ ते १८ पर्यंत गिटार, उरलेल्यात प्रोसेसर, साधा डीआय, एक चांगली केबल, ट्यूनर, तारांचे दोन सेट. अ‍ॅम्प यंदा घेऊच नको.

दारव्हा_मास्तरीण

वडसावाल्या भाऊंचं पटलं मला, नाटकासाठी प्रोसेसरच. पण एक म्हणते, पुढच्या वर्षी जमलं तर तो लहान बॅटरीवाला अ‍ॅम्प घ्याच. रोज नुसतं हेडफोनवर वाजवलं की माणूस हळू वाजवायला लागतो, खोलीत हवा हलवणारा आवाज ऐकला की हाताला वजन कळते. आणि हेडफोनचा आवाज कमी ठेवा, कानाला त्रास झाला तर परत येत नाही.

सहा_तारा (नागपूर)

जुन्या गिटारीच्या बाबतीत माझंही तेच, ही सोडून दे. पण पुढं कधी साध्या ब्रिजवाली जुनी मिळाली तर जरूर पाहा, जुनी म्हणून वाईट नसते. पहिल्या पाच फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेत का पाहायचे, सगळे नॉब फिरवून खरखर येते का ऐकायचं, जॅक हलवून आवाज तुटतो का पाहायचं. खरखर आणि जॅक शंभर-दोनशेच्या कामात सुधरते, फ्रेट बदलायला मात्र गिटारीच्या किमतीच्या मानानं भारी पैसे लागतात. ट्रस रॉडचा स्क्रू फिरतो का हे नक्की तपासायचं, जाम असेल तर घेऊ नये.

धानबांधी (ब्रम्हपुरी तालुका)

ठरलं मंग. एचएसएस गिटार, पॅसिफिका नाही तं गिओ, जी हातात बसन ती. सोबत प्रोसेसर न डीआय, अ‍ॅम्प पुढच्या धानाले. ती जुनीवाली नाही म्हणून सांगून दिलं. पुढच्या आठवड्यात सकाळच्या एसटीनं नागपूरले येतो, सहा_तारा दादा, तुमच्याकडं सेटअपले त्याच दिवशी देता येईन का जी? आणि ट्रस रॉड घरी मी स्वतः फिरवू शकतो का, का प्रत्येक वेळी नागपूरले यावं लागन?

सहा_तारा (नागपूर)

त्याच दिवशी होईल, पण दुकानातून थेट ये, उशीर करू नको, तारा चढवल्यावर मानेला दोन-तीन तास बसू द्यावं लागते. ट्रस रॉड घरी फिरवता येतो, मी समोर बसवून दाखवीन. गिटारसोबत पाना येतो तो हरवू नको. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, मग सुरात लावून रात्रभर ठेवायची आणि सकाळी परत पाहायचं. मान पुढं वाकून तारा मधात उंच झाल्या तर घड्याळाच्या दिशेनं आवळायचं, तारा फ्रेटवर भणभणायला लागल्या तर उलट्या दिशेनं ढिलं. जोर लावावा लागला तर थांब आणि फोन कर. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा लागल्यावर एकदा, एवढं पाहिलं तर वर्ष निघून जाते. दुकानात जाताना तुझे अकॉस्टिकचे पिक (तारा छेडायच्या चकत्या) घेऊन ये, ओळखीच्या पिकनं वाजवलं की गिटारींमधला फरक लवकर कळतो, आणि अ‍ॅम्पला न लावता आधी तशीच कोरडी वाजवून पाहा, जी कोरडी असताना छातीला लागून थरथरते आणि सूर लांब टिकवते ती बाजूला काढून ठेव.

मंडप_साऊंड_आर्वी

डीआय घेतानी पॅसिव्ह ट्रान्सफॉर्मरवाला मागजा, त्याले सेल बी लागत नाई न लाईन बी. न मंडळाच्या बोर्डाची पिन बदलली का अर्थिंगचा खड्डा बी उकरून पाहा, आपल्याकडं उन्हाळ्यात माती सुकते न अर्थिंग मरते, मीठ-कोळसा टाकून पाणी द्या.

धानबांधी (ब्रम्हपुरी तालुका)

हो जी. वायरमन आला आहे, खड्डाच पाहून रायलो.